दवण्याचं सोवळं

मळा आबा करायचे, असं आबा सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आमचा एवढासा तुकडा होता. बांधावर चिक्कू नि पेरू, मधल्या सरींना वांगी, काकडी आणि दोडका, विहिरीकडच्या अंगाला झेंडू आणि गलांड्याची फुलं, आणि सगळ्यात शेवटी, पाटाचं पाणी जिथं संपतं तिथं, दवण्याचे वाफे. कुणी पावणं आलं की आबा त्यांना बांधावर उभं करायचे, हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि म्हणायचे, हे समदं म्या केलंय. त्या वेळी आई आणि काकी वांग्यांच्या सरीत कमरेत वाकलेल्या असायच्या. त्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. पावण्यांना त्या पाठीही पिकातच जमा वाटत असाव्यात, कारण त्यांच्याबद्दल कधी कुणी काही विचारलं नाही.

आबांकडे खरी कामं दोनच होती, विहिरीवरचं इंजिन चालू करणं आणि ते बंद करणं. या दोन कामांच्या मधल्या वेळात ते चिक्कूखाली बसून बाकीच्यांचं कुठं चुकतंय ते सांगत. त्यांचा धाकटा भाऊ तात्या, म्हणजे माझा चुलता, तालमीतला गडी. त्यानं शरीर अतिशय मेहनतीनं कमावलं होतं आणि ते झिजू नये म्हणून तालमीबाहेर तो ते फारसं वापरत नसे. सायकलला बुट्ट्या बांधून माल बाजारात न्यायचा आणि परत येताना गावभरच्या गोष्टी आणायच्या, एवढं त्याचं खातं. उरलेला मळा, म्हणजे खुरप्यानं तण काढायची भांगलण, खुडणी, तोडणी, खत घालणं, फुलं पोत्यात भरणं, भाकरी थापणं आणि जनावरं बघणं, आई आणि काकीकडं होता. मी त्यांच्या हाताखाली. शाळेत वसंत ऋतूवर निबंध असायचा. मी त्यात आंब्याचा मोहोर आणि कोवळी पालवी घालून चांगले गुण मिळवत असे. वांग्याच्या देठाचे काटे बोटात मोडले की ते सुईनं कसे काढायचे, हे लिहिलं असतं तर आमच्या बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं असतं.

फाल्गुनात दिवस उजाडायच्या आत फुलांत उतरावं लागे. झेंडूवरचं दव कोपरापर्यंत ओलं करायचं आणि खुडून खुडून बोटं आधी पिवळी, मग हिरवी, मग काळी व्हायची. तो वास हाताला इतका मुरायचा की भाकरीचा घासही झेंडूचा लागे. पण न्याहारी मात्र काय असायची! ज्वारीची गरम भाकरी, पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा खर्डा, त्यावर कच्चं तेल, आणि सरीतून तोडून गुडघ्यावर फोडलेली काकडी. विहिरीवरच्या इंजिनाची भकभक, पाटातल्या पाण्याची खुळखुळ आणि काकीचं अखंड बोलणं, या तिन्ही आवाजांवर आम्ही जेवायचो. आता काकीचा नातू, माझा भाचा, त्याच मळ्यात शनिवार-रविवार शहरातले पावणे बोलावतो. टोप्या घालून आलेल्या बायका पैसे देऊन भांगलण करतात आणि खुरप्यासकट फोटो काढतात. परवा एकीनं मला सांगितलं की मातीत हात घातला की मनाला फार शांत वाटतं. मी तिला म्हटलं, उन्हाळ्यात रोज या, आणखी शांत वाटेल.

तर दवणा. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर यात्रा भरते आणि देवाला दवणा वाहतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बारीक, चांदीसारख्या पानांचं वीतभर झुडूप, पण वास असा की मूठभर दवण्यानं घर भरून जातं. आमचा दवणा दरवर्षी देवाला जायचा आणि उरलेला वडगावच्या आणि कोल्हापूरच्या बाजारात. आबांना या पिकाचा भलता अभिमान. देवाचं पीक म्हणून त्याला त्यांनी सोवळ्याचे नियम लावले होते. वाफ्यात पायताण घालून जायचं नाही. आंघोळीशिवाय हात लावायचा नाही. देवानं वास घ्यायच्या आधी आपण हुंगायचा नाही. आणि बाजूला बसलेल्या बाईची सावलीही पडू द्यायची नाही, नाहीतर दवणा काळा पडतो. बाजूला बसणं म्हणजे महिन्याचे ते चार दिवस, जेव्हा आमच्या घरात बाईनं चुलीला, पाण्याला आणि माणसांना शिवायचं नसे.

तेवढ्यावर थांबले असते तर ते आबा कसले. एका वर्षी वाफ्यांचे शेंडे खरोखरच काळे पडले. तात्या पाणी पाजायला बसला होता आणि पाट फोडून कुस्त्यांच्या मैदानाला निघून गेला होता. वाफे रात्रभर पाण्यात बुडाले. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण आबांनी वेगळाच शोध लावला. त्या दिवसांत काकी बाजूला होती आणि लांबच्या सरीत वांगी तोडत होती. वांग्यातून गेलेलं पाणी पुढं दवण्याला जातं, म्हणजे विटाळ पाटातून वाहत आला! वाहत्या पाण्याला विटाळ नसतो असं देवळातल्या गुरवानं त्यांना सांगून पाहिलं. गुरवाला शेतीतलं काय कळतंय म्हणून आबांनी त्याला उडवून लावलं. तेव्हापासून नियम झाला की वाफ्यात दवणा असो नसो, बाजूला बसलेल्या बाईनं वाफ्यात तर सोडाच, अख्ख्या मळ्यात पाय टाकायचा नाही. तिला शिवलेल्या बाईनंही आंघोळीशिवाय टाकायचा नाही.

हा नियम करताना आपण बायकांना शिक्षा करतोय अशी आबांची समजूत होती. एरवी बाजूला बसलेली बाई घरात शिवायची नाही, पण मळ्यात राबायला चालायची. आता ती घरामागच्या परड्यात लिंबाखाली गोणपाटावर बसून राहायची. काकीनं पहिल्याच महिन्यात मला सांगितलं की असाच आणखी एखादा नियम निघाला तर बरं होईल. आई तिथं बसून शेंगा फोडायची, थोड्या फोडून झाल्या की आडवी व्हायची आणि भर दुपारी तोंडावर पदर घेऊन झोपायची. आईला दिवसा झोपलेली मी फक्त त्या चार दिवसांतच पाहिली आहे. झोपेत तिचे हात उघडे पडलेले असायचे, काळ्या बोटांचे. मी तिच्यावर माशी बसू नये म्हणून टॉवेल हलवत बसे, आणि अंतर ठेवून हलवत असे, कारण शिवलं तर मलाही आंघोळ.

माझ्या दहावीच्या वर्षी परीक्षा नेमकी फाल्गुनात आली. दरवर्षीच ती तेव्हा येत असे, पण आमच्या घरातलं कुणी तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळे आबांना तो देवानं घातलेला पेच वाटला. पाडव्यासाठी झेंडू, बाजारासाठी वांगी आणि यात्रेसाठी दवण्याची भांगलण, सगळं एकदमच आलेलं. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या त्यांनी निकाल देऊन टाकला.

"परीक्षा ऑक्टोबरला बी असती. यात्रा असती का ऑक्टोबरला?"

तात्यानं मान हलवली. त्याला हा मुद्दा बिनतोड वाटला.  ऑक्टोबर माझ्यासाठी कधीच उगवणार नव्हता, हे मला माहीत होतं. कुरुंदवाडकडचं एक स्थळ येऊन मला बघून गेलं होतं. त्यांचाही मळा, त्यांचीही वांगी. पोरगी भांगलते कशी एवढंच मुलाच्या आईनं विचारलं होतं. मार्चला बसले तर जूनला वडगावात अकरावीत नाव घालता येणार होतं, बाईंनी तसं घरी येऊन सांगितलंही होतं. नाही बसले तर वैशाखात अक्षता आणि पुढच्या फाल्गुनात दुसऱ्याच्या मळ्यात कमरेत वाकलेली माझी पाठ. मी आईकडे बघितलं. तिनं आबांना आणखी भाकरी हवी का विचारलं. त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा आबांचाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फुलांत गेली नाही. परड्यात गोणपाट पसरून बसली. तिच्या शेजारी काकी बसली. मी दप्तराकडे बघत उभी होते तर काकीनं मनगटाला धरून मला खाली ओढलं आणि गप्प बस म्हणून डोळे वटारले. थोड्या वेळानं आबा मागच्या दारात आले. बाजूला बसलेल्या बाईकडे बघून बोलायची त्यांची पद्धत नव्हती, म्हणून ते गोठ्याच्या भिंतीकडे बघून बोलले. आज मळ्यात कोण नाही का, त्यांनी भिंतीला विचारलं.

"बाजूला हाय," आई म्हणाली.

"आणि ती?"

"ती बी."

"आणि शाली?"

"ती बी."

 आबा जरा खाकरून भिंतीला म्हणाले, "तिघी एकदम?"

"ह्ये काय इंजान हाय व्हय," आई म्हणाली, "तुमी म्हनशीला तवा चालू आन् बंद?"

 ज्या गोष्टीवर आबांनी एवढे नियम केले होते, त्या गोष्टीचं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं. ते वळले तसं आईनं त्यांच्या पाठीला सांगितलं की शालीला मळ्यात नेता येत नाही, चुलीला शिवू देता येत नाही, तर रिकामी बसण्यापेक्षा पेपरला बसेल. बाकाला काही विटाळ होत नाही. आबा काही बोलले नाहीत, आणि आमच्या घरात तो होकार धरायची रीत होती. मी दप्तर उचललं आणि एसटी थांब्याकडे धावत सुटले.

माझं साफ खोटं होतं, हे मला माहीत होतं. काकीबद्दल संशय होता, कारण ती फारच आनंदात होती. आईचं मात्र मी खरं धरून चालले. तिचे दिवस दर महिन्याला अमावस्येच्या आसपास ठरलेले असायचे आणि अमावस्या जवळच होती. आईला योग चांगला साधला, एवढंच मला वाटलं.

चार दिवस झाल्यावर काय, ही धास्ती मला होती. तीही आबांच्याच नियमानं मिटवली. आई न्हायली, आणि संध्याकाळी मी पेपर देऊन आल्याबरोबर तिनं येऊन माझा हात धरला. मग आबांना ऐकू जाईल अशा आवाजात काकीला म्हणाली की शाळेत एवढ्या पोरी एका बाकाला, कुणाची काय अवस्था असेल कुणाला ठाऊक, आणि मी चुकून शिवले बघ हिला. काकीनं लगेच आईला हात लावून बघितला. असं रोज, आणि सकाळी एक न्हायली की दुसरी तिला चुकून शिवायची. माझे पेपर संपेपर्यंत आमच्या घरात एकही बाई मळ्यात जाण्याजोगी शुद्ध झाली नाही. आबांनी रोजगारी बायका बोलावल्या, तर त्यांना काकीनं वाटेवर आधीच गाठलं होतं. दवणा काळा पडला तर कुणाचं नाव निघतं, ते तिनं त्यांना समजावून सांगितलं होतं. नसती आफत नको म्हणून त्याही दुसऱ्याच्या मळ्यात गेल्या.

आणि मग आबांनी खरंच मळा केला. पहाटे दोघे भाऊ झेंडू खुडायला जात. तात्या फुलाबरोबर अर्धी फांदी आणि उरलेल्या कळ्याही आणायचा, कारण त्याची बोटं मनगटं मुरगाळायला तयार झालेली होती. वांग्याच्या काट्यांनी आबांची बोटं सुजली. जेवणाची तर कथाच वेगळी. तात्याला मटणाचा रस्सा उत्तम यायचा, पण यात्रा होईपर्यंत आबांनी घरात वशाट बंद केलेलं. त्यामुळे तात्या तोच कांदा-लसणाचा मसाला तशाच मुठीनं पिठल्यात, वांग्यात आणि एकदा वरणात घालायचा. आम्ही तिघी परड्यात लांब बसून डोळ्यांतून पाणी काढत ते खायचो. काकीनं सांगितलं की दुसऱ्यानं रांधलेलं आणि वाढलेलं ती लग्नानंतर पहिल्यांदाच खात होती, तेव्हा तिखटाची तक्रार करणार नाही. पुस्तक मांडीवर घेऊन मी लिंबाखाली बसे, आणि आई मला काही न विचारता शेंगा सोलून माझ्यापुढं सारत राही. माझ्या अभ्यासाला एवढी शांतता त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

दवण्याच्या वाफ्यात दोघे भाऊ आंघोळ करून, अनवाणी, कपाळाला गुलाल लावून भांगलायला बसत. आता, दवण्याची कोवळी रोपं आणि गाजर गवताची कोवळी रोपं अंगानं बरीचशी सारखी. दोन्हींना झालरीसारखी पानं. बायकांना रंगावरून कळतं, आणि शंका आलीच तर पान चुरडून वास घेतला की झालं. पण हुंगायला बंदी. आबांनी स्वतःच घातलेली बंदी आबा कशी मोडणार? गाजर गवत दांडगं आणि तरारलेलं, दवणा बिचारा बारीक आणि मळकट. दोघांनी विचारविनिमय करून जे दांडगं दिसलं ते देवाचं धरलं आणि जे बारीक दिसलं ते उपटून बांधावर टाकलं. मग मोकळ्या झालेल्या वाफ्याला खत घातलं आणि पाणी दिलं. आबांच्या दोन्ही हातांना खाज सुटली आणि चट्टे उठले. उन्हाळ्याची उष्णता म्हणून ते ताक पीत राहिले.

माझा शेवटचा पेपर झाला आणि आमच्या घरातल्या सगळ्या बायका एकाच दिवशी शुद्ध झाल्या. पाडव्याची गुढी उभी केल्यावर आबा आम्हाला घेऊन मोठ्या दिमाखात मळ्यात गेले. आम्हा बायकांवाचून दवणा कसा जोरात आलाय ते त्यांना दाखवायचं होतं. वाफे खरंच डोलत होते. वर पांढऱ्या बारीक फुलांचा सडा. औंदा देवानं कौल दिलाय, फुलोरा बघा, असं ते म्हणाले. काकीनं एक डहाळी तोडली, नाकाशी नेली, आणि बांधावर बसकणच मारली. तिला हसू आवरेना. आबा म्हणाले हुंगू नको, देवाचं हाय. तेव्हा आईनं ती डहाळी काकीच्या हातातून घेऊन त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्ये देवाला घातलंसा तर देव बी खाजवत बसंल."

आबांनी वास घेतला. मग दुसऱ्या वाफ्यातलं पान तोडून वास घेतला, मग तिसऱ्या. नियम त्यांनी त्या सकाळी पाटाच्या कडेला उभं राहून किती वेळा मोडला ते मी मोजलं नाही. कोपऱ्यातल्या एका वाफ्यात तात्या आळसानं पोचला नव्हता. तेवढाच दवणा शिल्लक होता. तो जोतिबाला गेला आणि बाजाराला काही गेलं नाही. गावात आबांनी कीड पडली म्हणून सांगितलं. कुरुंदवाडच्या पावण्यांना त्या गडबडीत निरोप धाडायचा राहून गेला आणि त्यांनी दुसरीकडं जमवलं. जूनमध्ये निकाल लागला, मी पास झाले, चांगली पास झाले. आबांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की पोरीला म्याच शिकवायचं ठरवलंतं. मी अकरावीला गेले, मग कोल्हापूरला, मग नोकरीला. मळ्यात परत कमरेत वाकले ते हौसेनंच.

हे सगळं मी कित्येक वर्षं लोकांना हसवायला सांगत आले. ऑफिसात, लग्नात, बाळंतपणाच्या खोल्यांत. त्यातली एक गोष्ट मलाच माहीत नव्हती, हे फार उशिरा समजलं. आई म्हातारी झाली होती, कमरेत जवळजवळ काटकोनात वाकली होती. तिला मी कोल्हापुरात हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. आबाही आले, पिशवी सांभाळायला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हाडांच्या ठिसूळपणासाठी म्हणून विचारलं, पाळी कधी बंद झाली, आजी?

"पिशवी काढली तवाच की," आई म्हणाली. "ही सातवीत हुती."

"हितंच कोल्हापुरात," आबांनी जोड दिली. "कागदावर सही म्याच केलती."

मला आठवलं. सातवीत असताना आई पोटाच्या ऑपरेशनला गेली होती. आम्हाला एवढंच सांगितलेलं. ती परत आली, आणि महिन्याभरानं अमावस्येच्या आसपास परड्यात जाऊन बसली. त्यानंतर दर महिन्याला बसली. आठवीत, नववीत, दहावीत. मी टॉवेल हलवत होते. मी आबांकडे बघितलं. ते मांडीवरची पिशवी नीट धरून पंख्याकडे बघत होते. आपण सही केली याचं समाधान त्यांच्या तोंडावर तसंच होतं.

आबा औषधं आणायला समोरच्या दुकानात गेले तेव्हा आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर होतो. मी आईला विचारलं, मग दर महिन्याला बसायचीस ते काय होतं? ती म्हणाली, चार दिवस पाठ टेकायला मिळायची. मला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ असं रडू आलं की मला पदर तोंडात धरावा लागला. ज्या बाईची मी कथा करून सांगत होते, तिच्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती. आणि आबांचा तर इतका राग आला, की रस्ता ओलांडून जाऊन त्यांना विचारावंसं वाटलं. मी आईला विचारलं, तुला भीती नाही वाटली, ते म्हणतील म्हणून?

आईनं रस्त्यापलीकडं बघितलं. आबा काउंटरशी उभे राहून औषधवाल्याला काहीतरी समजावून सांगत होते.

"पयल्या म्हयन्याला वाटली," ती म्हणाली. "मग म्हनलं, बघू की, ह्यांच्या कवा ध्यानात येतंय."

"आलं का मग?"

"आजून न्हाय."